न विचारलेलेही सांगावे का? पोवळे, ओपल आणि खरेदीतला न्याय



लग्नसराई जवळ आली की सोनाराच्या दुकानाची पायरी चढणे ओघानेच येते. काही नवीन घडवायचे असते, काही जुने मोडायचे असते, आजीच्या पेटीतले काही लेकीला तर काही सुनेला द्यायचे असते. सोन्याचा भाव घरातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतो, कारण तो रोज वर्तमानपत्रात छापून येतो. पण दागिन्यात सोन्याखेरीज आणखीही काही असते. जुन्या माळेत पोवळे असते. हल्लीच्या मुलामुलींच्या अंगठीत आणि कानातल्यांत रंग बदलणारा ओपलचा खडा दिसतो. या दोन वस्तूंचा भाव वर्तमानपत्रात येत नाही. दोन लाल माळा शेजारी ठेवल्या, तर एक हजारो रुपयांची आणि दुसरी शे-दोनशेची असू शकते, आणि आपल्या डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात.

म्हणजे या व्यवहारात एकाला कळत असते आणि दुसऱ्याला कळत नसते. नीतीचा प्रश्न तिथेच उभा राहतो. प्रश्न मांडायला सोपा आहे: समोरच्याला जे ठाऊक नाही ते मला ठाऊक आहे. त्याने विचारलेले नाही. मी खोटे बोलणार नाही, फक्त गप्प बसणार आहे. माझे काही चुकते का?

आजचे चिंतन या गप्प बसण्याविषयी आहे.

आधी वस्तू ओळखू या

पोवळे हा मुळात दगड नव्हे. समुद्राच्या तळाशी, अंधाऱ्या कपारीत राहणाऱ्या इवल्याशा प्राण्यांनी बांधलेला तो सांगाडा आहे. दागिन्यांतले जगप्रसिद्ध लाल पोवळे येते ते प्रामुख्याने भूमध्य समुद्रातून. ते वाढते फार सावकाश. त्याच्या फांदीची जाडी वर्षाला अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी वाढते. सेंटीमीटरभर जाडीचा एक मणी कातायचा, तर तेवढी फांदी तयार व्हायला निदान वीस-तीस वर्षे, पुष्कळदा त्याहून अधिक काळ जावा लागतो. एखाद्या माळेत असे चाळीस मणी असतील, तर तिच्यात किती काळ ओवलेला असेल याचा हिशेब तुम्हीच करा.

भारताशी या पोवळ्याचे नाते दोन हजार वर्षांचे आहे. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी याने नोंदवून ठेवले आहे की, रोमच्या स्त्रियांना भारतातल्या मोत्यांचे जेवढे मोल, तेवढेच भारतीयांना पोवळ्याचे. आणि इकडे एवढे पोवळे पाठवले जाई की खुद्द त्याच्या मायदेशी ते दुर्मीळ झाले. पुढे सतराव्या-अठराव्या शतकांत इटलीतल्या लिव्होर्नो बंदरातले ज्यू व्यापारी लिस्बनमार्गे गोव्याला पोवळे पाठवत आणि गोव्यातले सारस्वत व्यापारी त्याच्या बदल्यात हिरे पाठवत. धर्म वेगळा, भाषा वेगळी, एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही. सारा व्यवहार पत्रांवर आणि शब्दावर चाले. फ्रांचेस्का त्रिवेल्लातो या इतिहासकार बाईंनी २००९ साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. कोकण-गोव्यातल्या अनेक घरांत मंगळसूत्रात पोवळ्याचे मणी असतात. त्या मण्यांमागे असा लांबचा सागरी प्रवास आहे.

ओपलची गोष्ट निराळी. तो खनिज आहे, पण त्यात पाणी असते, साधारणपणे शंभरात तीन ते दहा भाग. त्याच्या आत सिलिकाचे अतिसूक्ष्म गोळे संत्र्यांच्या राशीसारखे ओळीने रचलेले असतात आणि त्यातून प्रकाश फुटून हिरवा, निळा, तांबडा असा खेळ दिसतो. हे गुपित ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात उलगडले. ऑस्ट्रेलियातल्या कूबर पेडी गावी १९१५ साली एका चौदा वर्षांच्या मुलाला ओपल सापडला आणि तिथे खाणी सुरू झाल्या. ऊन एवढे कडक की लोक जमिनीखाली घरे कोरून राहतात. संत पेत्र आणि संत पौल यांच्या नावाचे तिथले कॅथॉलिक चर्चही जमिनीखालीच आहे. २००८ साली इथिओपियाच्या वोलो भागात ओपलचा मोठा साठा हाती लागला. तिथला बराच कच्चा माल पैलू पाडायला आपल्या जयपूरला येतो. आपल्या बाजारात ओपल अलीकडे का वाढला, याचे हे एक मोठे कारण आहे.

विकणाऱ्याचे मौन

आता दुकानात जाऊ या. लाल दिसणारी प्रत्येक माळ पोवळ्याची नसते. काच असते, प्लॅस्टिक असते, आणि 'बांबू कोरल' नावाचे साधे, फिक्या रंगाचे समुद्री पोवळे लाल रंगात बुडवूनही विकले जाते. ओपलमध्ये आणखी गमती आहेत. अस्सल ओपलचा कागदासारखा पातळ काप काळ्या तळावर चिकटवला की त्याला 'डब्लेट' म्हणतात. त्यावर काचेची किंवा स्फटिकाची घुमटी बसवली की 'ट्रिप्लेट'. वरून पाहणाऱ्याला ते मौल्यवान काळ्या ओपलसारखे दिसते. प्रयोगशाळेत बनवलेला ओपलही मिळतो.

यातली कोणतीही वस्तू विकणे पाप नव्हे. ट्रिप्लेट हा कमी पैशांत सुंदर दागिना आहे. काचेची माळही सुंदर दिसू शकते. प्रश्न आहे तो नाव सांगण्याचा. ट्रिप्लेट पाण्यात राहिला की डिंक सुटून खडा धुरकट होतो. इथिओपियाचा पुष्कळसा ओपल पाणी शोषतो आणि भिजला की काही काळ त्याचा रंगाचा खेळच नाहीसा होतो. वाळल्यावर तो सहसा परत येतो. भांडी घासताना अंगठी न काढणाऱ्या गृहिणीला हे सांगितले नाही, तर तिचे नुकसान होणार हे विक्रेत्याला आधीच दिसत असते.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात या विषयाचा बारकाईने विचार केला. ते म्हणतात, दोष उघड दिसत असेल आणि किंमत त्या मानाने कमी केली असेल, तर विक्रेत्याने तो बोलून दाखवलाच पाहिजे असे नाही. घोडा एका डोळ्याने आंधळा आहे हे घेणाऱ्याला दिसतेच. पण दोष लपलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याची हानी होणार असेल, तर न विचारताही तो सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. डब्लेटचा जोड कोंदणाखाली झाकला जातो, पोवळ्यावरचा रंग डोळ्यांना कळत नाही. म्हणजे हे दोष लपलेलेच. इथे गप्प बसणे म्हणजे न बोलता खोटे सांगणे झाले.

इथवर तुम्ही सारे माझ्याशी सहमत व्हाल. दुकानदाराने खरे बोलावे हे गिऱ्हाइकाला नेहमीच पटते. अडचण पुढे आहे.

घेणाऱ्याचे मौन

हल्ली जुन्या वस्तूंची हौस वाढली आहे. मुंबईच्या चोर बाजारात, जुन्या दागिन्यांच्या दुकानात, घरे रिकामी होताना, 'व्हिंटेज' म्हणून पोवळ्याचे तोडे, ओपलचे ब्रूच शोधत फिरणारी मंडळी आहेत. शोधात आनंद आहे, आणि जुनी वस्तू पुन्हा वापरात यावी यात वावगे काही नाही. पण या हौसेचा कळस कोणता मानला जातो? 'त्या बिचाऱ्याला कळलेच नाही हो, त्याच्याकडे काय होते ते! काचेच्या भावात देऊन टाकले!' असे सांगताना आपण हसतो आणि ऐकणारे शाबासकी देतात. तोच दुकानदार आपल्याला काच पोवळ्याच्या भावात देता, तर आपण त्याला चोर म्हटले असते.

अक्वायनस या बाबतीत घेणाऱ्यालाही सोडत नाहीत. विकणारा सोने पितळ समजून विकत आहे आणि घेणाऱ्याला ते सोने असल्याचे कळते आहे, तर ती खरेदी अन्यायाची आहे आणि फरक परत करणे घेणाऱ्यावर बंधनकारक आहे, असा त्यांचा निवाडा आहे. वस्तू काय आहे याविषयीच समोरचा चुकला आहे. त्याची संमती त्या वस्तूला नाहीच, ती दुसऱ्याच कुठल्या वस्तूला आहे.

संत ऑगस्टीन यांनी याविषयी एक मजेदार कथा सांगितली आहे. एका नटाने रंगमंचावरून जाहीर केले, की पुढच्या खेळाला मी प्रत्येकाच्या मनातली इच्छा सांगेन. लोक लोटले. तेव्हा तो म्हणाला, तुम्हा सर्वांना स्वस्तात घ्यायचे आहे आणि महागात विकायचे आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण ऑगस्टीन म्हणतात, हे सगळ्यांना लागू नाही. त्यांच्या माहितीतल्या एका माणसाकडे कोणी एक हस्तलिखित विकायला आणले. विकणाऱ्याला त्याचे मोल ठाऊक नव्हते, म्हणून त्याने थोडकेच मागितले. त्या माणसाने त्याला योग्य ती किंमत दिली, जी मागितलेल्याहून कितीतरी अधिक होती.

असाच एक रोमन होता, क्विंटस स्काएव्होला. सिसेरोने त्याची हकिकत लिहिली आहे. शेत विकत घेताना त्याने किंमत एकदाच सांगायला लावली. ती ऐकून तो म्हणाला, माझ्या मते जमीन याहून जास्त मोलाची आहे, आणि आपणहून एक लाख नाणी वाढवून दिली. सिसेरो लिहितो, की हे सज्जनपणाचे काम होते असे सगळेच म्हणतात, मात्र ते शहाणपणाचे होते असे मानायला अनेक जण तयार नसतात. सज्जनपणा एका बाजूला आणि शहाणपण दुसऱ्या बाजूला, अशी फाळणी मनाने एकदा स्वीकारली की पुढचे सारे घोटाळे तिथूनच सुरू होतात, हा सिसेरोचा मुद्दा आहे.

कोणी म्हणेल, 'फादर, मी वर्षानुवर्षे अभ्यास करून नजर कमावली. त्या ज्ञानाची काहीच किंमत नाही का?' आक्षेप रास्त आहे. ज्ञानाला मोबदला असावाच. जुन्या वस्तूंचा व्यापारी दुकानाचे भाडे भरतो, पैसा गुंतवतो, वस्तू पडून राहण्याचा धोका पत्करतो. त्याने नफा घ्यावा. अक्वायनसही सांगतात की न्याय्य किंमत म्हणजे गणिताचे उत्तर नव्हे. थोडे कमीजास्त झाल्याने न्याय बिघडत नाही, म्हणून घासाघीस करायला हरकत नाही. पुढे बाजार चढेल की उतरेल, हा अंदाजही समोरच्याला सांगितलाच पाहिजे असे ते म्हणत नाहीत. पण बाजाराचा अंदाज वेगळा आणि वस्तूची ओळख वेगळी. 'यापेक्षा जास्त मला परवडत नाही' म्हणणे ही घासाघीस झाली. पोवळे आहे हे ठाऊक असून 'काचेचे मणी ना, काय ठेवलेय त्यात' म्हणणे ही लबाडी. आणि काहीच न म्हणता काचेचे पैसे टेकवून झपाट्याने बाहेर पडणे, हे त्या लबाडीपासून फार दूर नाही.

त्यातही समोरचा कोण आहे हे पाहावे लागते. चार पिढ्यांची पेढी चालवणारा सराफ चुकला, तर ती त्याच्या धंद्यातली चूक असते. पण दवाखान्याचे बिल भरायला सासूची माळ घेऊन आलेली विधवा तशी नसते. दुसऱ्याचे अज्ञान किंवा अडचण हेरून भाव फिरवणे याला आपले कॅथॉलिक धर्मशिक्षण सातव्या आज्ञेखाली, म्हणजे चोरीच्या खाली घालते. तिच्याकडून आपण स्वस्तात घेतलेली माळ कपाटात राहते, आणि तिचे बिल तसेच राहते.

घरातली वाटणी

चोर बाजार आपल्यातल्या थोड्यांनाच माहीत आहे. वाटणी मात्र सर्वांच्या घरी होते.

समजा, आई देवाघरी गेली आहे. दोन भाऊ आणि एक बहीण पेटी उघडून बसतात. काटा आणला जातो, पाटल्या जोखल्या जातात, कंठी जोखली जाते, अर्ध्या ग्रॅमवरून बोलाचाली होते. शेवटी एक जुनी लाल माळ उरते. दोऱ्यात ओवलेली, सोने नावाला. 'ही मी आईची आठवण म्हणून ठेवते,' असे कोणी तरी म्हणते आणि सगळे हो म्हणतात. सगळ्यांना वाटते, हिने मन मोठे केले. पण तिने ती माळ आधीच कुठे तरी दाखवलेली आहे आणि ती काय आहे हे तिला माहीत आहे.

तिने एकही शब्द खोटा उच्चारलेला नाही. आठवण हीदेखील खरीच असेल. तरीही भावांनी जो होकार दिला तो एका दोऱ्याला दिला, आणि तिने घेतली ती वेगळीच वस्तू. पुढे केव्हा तरी हे कळते, कारण अशा गोष्टी कळतातच, आणि मग येणे-जाणे बंद होते, लग्नाची पत्रिका जात नाही, मिस्साला आलेली सख्खी भावंडे चर्चमध्ये दोन टोकांना बसतात. अशी माणसे धर्मगुरूकडे येतात तेव्हा ती पैशांबद्दल थोडेच बोलतात. 'तिने सांगितले असते, तर आम्ही तिलाच दिली असती' हे वाक्य मात्र येते, आणि बहुतेक वेळा ते खरे असते.

याच्या उलटही घडते. जुना दागिना मोडीत देताना सोनार सोन्याचे वजन धरतो आणि खड्यांचे वजन वजा करतो. ती रीतच आहे. पण काढलेले मणी परत मागायचे असतात हे अनेकांच्या लक्षात येत नाही. दोन-तीन पिढ्यांपूर्वीचे पोवळे अशा रीतीने काउंटरवरच राहून जाते. ते उचलून गिऱ्हाइकाच्या हातात देणारा सोनार आपल्या ओळखीचा असेल, तर त्याला धरून ठेवा.

भीतीचा तराजू

आणखी एक प्रकार आहे. त्यात वस्तू अस्सल असते, खोटे असते ते तिच्याविषयीचे वचन. ज्योतिषात पोवळे मंगळाचे मानतात आणि हल्ली शुक्रासाठी हिऱ्याच्या जागी ओपल सुचवतात. आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या श्रद्धेची चेष्टा करण्याचा माझा हेतू नाही. पण आपल्यातलीही काही मंडळी मुलीचे लग्न जमत नाही म्हणून, मुलाची नोकरी टिकत नाही म्हणून, गुपचूप पोवळ्याची अंगठी करून घेतात, आणि वर ती आशीर्वादित करायला आणतात. ताईत म्हणून वापरलेल्या वस्तूला ख्रिस्ती श्रद्धेत जागा नाही, हे धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण सगळे शिकलो आहोत.

आणि आपण कोणाला हसू नये, कारण ही समजूत आपल्याही घरात होती. बाळाच्या गळ्यात पोवळे बांधले की त्याचे रक्षण होते, असे प्लिनीच्या काळी मानत. पुढे ख्रिस्ती युरोपातही ते चालू राहिले. इतके की पंधराव्या शतकातला थोर चित्रकार पिएरो देल्ला फ्रांचेस्का याने काढलेल्या एका प्रसिद्ध चित्रात बाळ येशूच्या गळ्यातही पोवळे आहे. ओपलच्या नशिबी उलट आले. १८२९ साली सर वॉल्टर स्कॉट यांच्या एका कादंबरीत एका स्त्रीच्या केसांतला ओपल पवित्र पाण्याचा थेंब पडताच निस्तेज होतो, आणि त्या स्त्रीचाही अंत होतो. त्या कादंबरीचाही हातभार लागून ओपल अपशकुनी ठरला. व्हिक्टोरिया राणीला मात्र ओपल आवडत असे आणि तिने तो खुशाल वापरला.

एकच खडा एकाला तारक वाटतो, दुसऱ्याला मारक. यावरूनच खड्यात दोन्ही नाही हे कळावे. नीतीच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की जिथे भीती दाखवून वस्तू विकली जाते तिथे घासाघीस थांबते. घाबरलेली आई भाव विचारत नाही, प्रमाणपत्र मागत नाही. तराजूत पोवळ्याबरोबर तिची भीतीही जोखली जाते आणि तिचेही पैसे घेतले जातात.

जो दुकानात हजर नाही

विकणारा आणि घेणारा यांच्याखेरीज आणखी एक पक्ष आहे. तो दुकानात नसतो, म्हणून त्याच्या वतीने कोणी बोलत नाही. तो म्हणजे समुद्र, आणि आपल्यानंतर समुद्रावर येणारी माणसे.

भूमध्य समुद्रात कित्येक शतके लाकडी क्रूसाला जाळी बांधून ती तळावरून ओढत असत. त्या अवजाराला 'संत आंद्रेयाचा क्रूस' असे नाव होते. फांद्या तुटत, थोड्या जाळ्यात येत, पुष्कळ तळाशी मरून पडत. युरोपीय संघाने १९९४ साली या अवजारावर बंदी घातली. पुढे २०११ साली भूमध्य समुद्राच्या मत्स्यव्यवसाय आयोगाने पन्नास मीटरपेक्षा उथळ पाण्यातले लाल पोवळे काढायला मनाई केली आणि २०१२ साली बुंध्याशी किमान सात मिलिमीटर जाडी हवी असा नियम केला. आपल्याकडे २००१ साली प्रवाळ खडक बांधणारी पोवळी, काळे पोवळे आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या संरक्षित यादीत आले. त्यामुळे किनाऱ्यावर कोणी पांढऱ्या प्रवाळाचा तुकडा किंवा समुद्रपंखा 'शोभेला' म्हणून विकत असेल, तर तो घेणे गुन्हा आहे.

मग जुन्या माळेचे काय? ती घेणे निर्दोष आहे का? मला वाटते, आहे, पण एका अटीवर. ज्या फांद्या तुटल्या त्या आपल्या नकाराने परत उगवणार नाहीत, आणि आजीची माळ पेटीत कुजत ठेवून समुद्राचे भले होत नाही. जुने जपून वापरणे हे नव्यासाठी हट्ट धरण्यापेक्षा केव्हाही बरे. पण 'जुने' हा शब्द पांघरूण म्हणून वापरला जातो. नवीन पोवळ्याला जुने कोंदण केले की ते 'व्हिंटेज' होते. म्हणून घेणाऱ्याने विचारावे: हे कुठून आले, कोणाचे होते, काही कागद आहे का? उत्तर कदाचित मिळणार नाही. पण विचारणारी गिऱ्हाइके वाढली की उत्तर ठेवणारे दुकानदारही वाढतात. आपल्या जुन्या माळेला 'मॅचिंग' म्हणून नवीन लाल पोवळ्याचे कानातले करायला सांगण्यापूर्वी मात्र त्या वीस-तीस वर्षांच्या फांदीचा एकदा विचार करावा.

लग्नसराईसाठी चार गोष्टी

पहिली: बिलावर वस्तूचे नाव लिहून घ्या. 'लाल खडा' नको. 'नैसर्गिक पोवळे, रंग न दिलेले' किंवा 'ओपल ट्रिप्लेट' असे स्पष्ट लिहायला सांगा. खड्याचे वजन आणि सोन्याचे वजन वेगवेगळे लिहिलेले असावे. सोन्यावरचे हॉलमार्क आणि १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा झालेला सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी सोन्याची शुद्धता सांगतो, खड्याविषयी तो काहीच सांगत नाही.

दुसरी: घरगुती परीक्षा टाळा. पोवळ्यावर लिंबू पिळून पाहणारे आहेत. आम्लाने अस्सल पोवळेच खराब होते. अत्तर, घाम आणि साबणही त्याला मानवत नाहीत. किमती वस्तू असेल तर मुंबईत रत्नपरीक्षा करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, तिथून प्रमाणपत्र घ्या.

तिसरी: विकताना किंवा मोडताना मणी मोजून द्या आणि मोजून परत घ्या.

चौथी, आणि ही माझ्या मते सर्वांत मोठी: वाटणीला बसण्यापूर्वी सगळी पेटी एकाच दिवशी, सगळ्यांच्या समोर, जाणकाराला दाखवा. ज्याला आधीच काही माहीत आहे त्याने ते प्रथम बोलावे. त्यानंतर ज्याला आठवण म्हणून माळ हवी असेल त्याने ती मागावी. तेव्हा भावंडांनी दिलेला होकार खरा असेल, आणि ती माळ गळ्यात घालताना मनाला बोचणार नाही.

ईयोबाच्या ग्रंथात, अठ्ठाविसाव्या अध्यायात, सोन्याची आणि रत्नांची मोठी यादी येते. पोवळ्याचेही नाव तिथे आहे. या साऱ्यांना मोजून बाजूला सारले जाते, कारण त्यांनी सुज्ञपणा विकत मिळत नाही. घरी पवित्र शास्त्र उघडून तो अध्याय या आठवड्यात कुटुंबासह जरूर वाचावा. आणि ज्या घरी अशा एखाद्या माळेवरून अबोला धरला गेला आहे, त्यांनी माझ्याकडे जरूर यावे; दोन्ही बाजूंनी एकत्र आलात तर अधिक बरे. मिस्सानंतर मी कार्यालयात असतो.

आपला स्नेहांकित,
धर्मगुरू